‘परवाना लागत नाही’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी

प्रश्न: आम्ही पती-पत्नी पुण्यात राहतो. फ्लोरिडात लेमन बेच्या काठी आमच्या नावावर घर आहे. पाण्याकडची बाजू 80 फूट. तिथला ठेकेदार म्हणतो, 1,000 चौरस फुटांच्या आतल्या खासगी जेटीला परवाना लागत नाही, आगाऊ रक्कम पाठवा. त्याचा आराखडा 920 चौरस फुटांचा आहे आणि बोट-लिफ्टचे खांब शेजाऱ्याच्या हद्दीपासून 12 फुटांवर येतात. शेजाऱ्याने लेखी हरकत घेतली आहे. काय करावे?

उत्तर: रक्कम तूर्त पाठवू नका. ठेकेदार सांगतो ती सूट कायद्यात आहे, पण 1,000 चौरस फुटांची मर्यादा साध्या पाण्यासाठी. लेमन बे हे राखीव जलक्षेत्र असून ‘आउटस्टँडिंग फ्लोरिडा वॉटर्स’मध्ये, म्हणजे राज्याने विशेष संरक्षण दिलेल्या पाण्यांमध्ये, मोडते, आणि तिथे सूट फक्त 500 चौरस फुटांपर्यंत मिळते. 920 चौरस फुटांची जेटी विनापरवाना उभी राहिली, तर ती पाडण्याचा आदेश आणि दंड मालक म्हणून आपल्यावर येऊ शकतो.

राखीव क्षेत्रात मोजमापेही बांधलेली आहेत. चालण्याचा पूल जास्तीत जास्त 4 फूट रुंद, टोकाचा चौथरा 160 चौरस फुटांपर्यंत, आणि ओहोटीच्या सरासरी पातळीखाली 4 फूट खोली येते त्यापुढे जेटी न्यायची नाही. म्हणजे पूल 85 फूट लांब धरला तर 340 अधिक 160, बरोबर 500. बोटीला पुरेशी खोली त्यापेक्षा लांब असेल, तर सूट विसरा आणि रीतसर परवाना मागा. त्यामुळे आधी खोली मोजून घ्या. सागरी गवत कुठे आहे तेही त्याच वेळी नोंदवून घ्या. गवतावर सावली पडते म्हणून जेटीची उंची आणि फळ्यांमधली फट यांवर अटी येतात.

सूट मिळाली तरी एक प्रश्न उरतोच: खांब कोणाच्या जमिनीत रोवणार? सरासरी भरतीरेषेखालची जमीन सर्वसाधारणपणे राज्याच्या मालकीची असते, आणि ती वापरण्याची संमती ही परवान्याहून वेगळी बाब आहे. ती मागण्याचा हक्क काठाच्या मालकाला. खरेदीखत आणि नकाशा काढून आपला प्लॉट खरोखर भरतीरेषेला भिडतो का ते पाहा. मधली पट्टी गृहसंस्थेच्या नावावर असेल, तर गाडी तिथेच अडते.

शेजाऱ्याची हरकत मला वजनदार वाटते. राज्याच्या नियमानुसार जेटी आणि बोट बांधायचे खांब दोन्ही बाजूंच्या जलहद्दीपासून, म्हणजे पाण्यातल्या आपल्या हक्काच्या सीमेपासून, 25 फूट आत हवेत. 80 फुटांतून 50 वजा केले की मधले 30 फूट उरतात. 12 फुटांवरचे खांब त्यात बसत नाहीत. 65 फुटांहून कमी काठ असलेल्या प्लॉटला यातून सवलत आहे, आपल्याला एरवी नाही. शेजाऱ्याने ना-हरकत पत्र दिले तर अंतर घटू शकते, पण त्याने उलटच लिहिले असल्याने लिफ्ट मधोमध सरकवणे हाच शहाणपणाचा मार्ग.

ही जलहद्द म्हणजे जमिनीवरची कुंपणरेषा सरळ पाण्यात वाढवलेली रेघ नव्हे. 1957 च्या ‘हेज विरुद्ध बोमन’ निकालात फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जलमार्गाच्या दिशेने न्याय्य वाटणी हा निकष धरला. किनारा वाकडा असेल तर रेषा तिरप्या होतात आणि आपले 30 फूट पाण्यात आणखी आक्रसू शकतात. म्हणून परवानाधारक सर्वेक्षकाकडून जलहद्दीची मोजणी करून घ्या आणि आराखडा त्यानंतरच नव्याने काढा. हद्दीचा वाद पेटलाच तर तो पर्यावरण खाते मिटवत नाही, सर्किट कोर्टात जावे लागते.

मग सूट लागू होते का याच्या पडताळणीसाठी राज्याच्या पर्यावरण संरक्षण खात्याकडे अर्ज करा. पुण्यातून हे जमते. स्थानिक प्रतिनिधीला सहीचे अधिकारपत्र द्या. खात्याच्या उत्तरात तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचा: सूट, राज्याच्या जमिनीची संमती आणि संघराज्याची मान्यता. तिसरी ‘नाही’ असेल तर लष्कराच्या अभियंता दलाकडे, म्हणजे आर्मी कोअरकडे, 1899 च्या नदी-बंदर कायद्याखाली वेगळा अर्ज लागतो. काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचा, बांधकाम परवाना आणि गृहसंस्थेची संमती आणखी निराळी.

खात्याचे पत्र हाती आल्यावर त्याची नोटीस वृत्तपत्रात छापा आणि एक प्रत शेजाऱ्याला पोचपावतीसह पाठवा. त्याला आव्हान द्यायला 21 दिवस मिळतात. नोटीसच दिली नाही, तर ही मुदत त्याच्यापुरती सुरूच होत नाही आणि खांब रोवून झाल्यावरही तो हरकत घेऊ शकतो. ठेकेदाराच्या करारात पहिला हप्ता या 21 दिवसांनंतर आणि काउंटीचा परवाना मिळाल्यावरच देय राहील, अशी अट घाला.