आजीच्या सागवानी कपाटाची किल्ली हरवली आहे. कुलूप न तोडता कसं उघडावं?

तुम्ही लिहिलंय की आजीचं दोन दारांचं कपाट तुमच्याकडे आलं, किल्ली सापडत नाही आणि सुतार म्हणतो दार फोडावं लागेल. त्याला आजच नाही म्हणून सांगा. वडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजोबांच्या टेबलाचा खण मी असाच पटाशीने उचकटला होता. आत जुन्या पावत्या निघाल्या. खणाच्या कडेचा ढलपा गेला तो गेलाच, अजून तिथे हात लागला की वाईट वाटतं.

आधी घरातल्या सगळ्या जुन्या चाव्या एका ताटात काढा. देव्हाऱ्याचा खण, शिवणाचा डबा, ट्रंका, कपाटाच्या माथ्यावरची धूळ, काही सोडू नका. लाकडी सामानाला बसवलेली जुनी कुलपं बहुतेक साध्या, ठरावीक नमुन्यांची असत. आमच्या टेबलाच्या दुसऱ्या खणाला शेवटी लागली ती आत्याच्या आरशाच्या कपाटाची चावी.

मग बॅटरी घेऊन किल्लीच्या भोकात बघा. मधोमध खिळ्यासारखी काडी दिसली तर चावी पोकळ नळीची हवी. भरीव दांडीची शिरणारच नाही. साध्या कुलपात पत्र्याच्या कडा असतात आणि चावीच्या खाचा त्या चुकवून फिरतात. कुलपाची जीभ, म्हणजे दार अडवणारा दांडा, सरकवायचं काम फक्त चावीच्या पात्याचं टोक करतं. म्हणून खाचांच्या जागी बरंचसं पातं कापून टाकलेली चावी अशी अनेक कुलपं उघडते. लिव्हरच्या कुलपाचं तसं नाही. त्यात एकावर एक पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीला उचलली गेली तरच जीभ सुटते. कमी नाही, जास्तही नाही. दोन्ही बाजूंनी असं अडवणारं लिव्हरचं कुलूप इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये केलं. त्यात तारेने खुडबुड करून पट्ट्या वाकवू नका. तुमच्या कपाटाचा एखादा खण उघडा असेल तर त्याचं कुलूप स्क्रू काढून बघा. दाराचंही बहुधा त्याच जातीचं असेल.

एखादी चावी शिरते पण फिरत नाही, असं झालं तर लगेच हार मानू नका. पावसाळ्यात सागवानसुद्धा थोडं फुगतं, दार झुकतं आणि जीभ खाचेत दाबून बसते. एकाने दार तळहाताने आत दाबावं, जरा वर उचलून धरावं, दुसऱ्याने चावी हलक्या हाताने फिरवावी. आमच्याकडे दर श्रावणात हेच करावं लागतं. भोकात खोबरेल किंवा गोडंतेल घालू नका, काही महिन्यांत त्याचा चिकटा होतो. मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकून घाला.

तरीही नाही उघडलं तर कुलपाला सोडा आणि कपाटाकडे वळा. पाठीची फळी स्क्रूने किंवा बारीक खिळ्यांनी लावलेली असेल तर ती सुटते, आणि आतून हात घालून कुलपाचे स्क्रू काढता येतात. खिळे असतील तर लाकडी पट्टीचा टेकू देऊन सावकाश उपसा. दारांची जोडी असेल तर कुलूप नसलेलं दार आतून खाली-वर कडीने अडकवलेलं असतं. त्यातली एखादी कडी अर्धवट लागलेली असली, तर दोन्ही दारं एकदम हलकेच ओढल्यावर सुटतात. बिजागरीची खीळ बाहेर दिसत असेल तर खालून वर ठोकून काढता येते, पण दार हातात धरायला माणूस हवा.

घराच्या दाराचं कडी-कोयंड्याला लावलेलं कुलूप असेल तर इतका विचार नको. ते कापून नवं आणा.

यातलं काही जमलं नाही, तर चावीवाल्यालाच घरी बोलवा. मांडवीजवळचा आमचा चावीवाला माझा उचकटलेला खण बघून म्हणाला, "काका, तोडता नहीं." कोऱ्या चावीवर त्याने मेणबत्तीची काजळी धरली, भोकात घालून फिरवली, जिथे काजळी पुसली तिथे कानस मारली. पाऊण तास लागला आणि आमच्याकडचं आणखी एक कुलूप ओरखडा न पडता उघडलं. तुमच्याकडेही असा हात असलेला माणूस शोधा.

कपाटात लोखंडी तिजोरी असली तर तिला हात लावू नका. खुडबुडीने कुलूप आणखी अडकू शकतं. इंग्लंडमधल्या जेरेमाया चब या कुलूपकाराच्या १८१८ च्या कुलपाची युक्तीच अशी होती की लिव्हर प्रमाणाबाहेर उचलला की कुलूप अडकून बसे.

दार उघडलं की कुलूप काढून चावीवाल्याला द्या आणि दोन चाव्या करून घ्या. कुलूप परत बसवल्यावर दार उघडं ठेवूनच नवी चावी दहा वेळा फिरवून बघा, जीभ पूर्ण आत-बाहेर होते का ते पाहा. मगच दार लावा.