दाढेचा ठणका, लवंगेचं तेल आणि दहा महिन्यांचा नातू

प्रश्न : मी इंदूरला सुदामा नगरात राहते. दाढ ठणकली की आमच्याकडे लवंगेच्या तेलाचा बोळा ठरलेला. नातू दहा महिन्यांचा आहे, दात येताहेत, रात्रभर रडतो. त्याच्या हिरड्यांना थोडं तेल चोळावं म्हणते, पण सूनबाई नको म्हणते. काय करू?

उत्तर : ताई, सूनबाईचं ऐका. बाळाला हे तेल अजिबात लावू नका. त्यात साधारण 70 ते 90 टक्के युजेनॉल असतं. ते नस बधिर करतं म्हणून ठणका थांबतो, पण कोवळी हिरडी त्यानं भाजते. चमचा-दोन चमचे तेल पोटात जाऊन लहान मुलांना झटके आल्याची, यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. बाटली वरच्या फळीवर ठेवा. चुकून कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन थेट इस्पितळ गाठा. नातवाच्या हिरड्या धुतलेल्या बोटानं हलक्या चोळा, ओला स्वच्छ रुमाल फ्रिजमध्ये गार करून चावायला द्या.

आता तुमच्या दाढेचं. मी शाळेत असताना आईनं तेलात भिजवलेला बोळा दाढेत दिला आणि मी तशीच झोपले. सकाळी ठणका गेला होता, पण गालाच्या आत रुपयाएवढा पांढरा चट्टा. चार दिवस वरणभातही झोंबायचा. पुढे दंतवैद्य झाले तेव्हा रोज हाच वास हाताला. झिंक ऑक्साइडची पूड युजेनॉलमध्ये घोटून तात्पुरतं सिमेंट भरायचे. औषध गुणी आहे, मात्र नुसतं लावायचं नाही. अर्धा चमचा खोबरेल तेलात एकच थेंब, फक्त दुखऱ्या दाढेवर, हिरडीला न लागू देता. त्यापेक्षा अख्खी लवंग दाढेखाली धरलेली बरी. नखानं दाबल्यावर तेल सुटेल अशी घ्या. आपल्या इंदुरी लौंग सेवेला, म्हणजे लवंग घातलेल्या तिखट शेवेलाही, तीच हवी.

तेल घेताना पाण्यात थेंब टाकून ढवळून बघा. लवंगेचं तेल पाण्याहून जड, तळाशी जातं. तरंगत राहिलं तर भेसळ समजा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

आणि ठणका आपोआप थांबला तरी दाढ दाखवून घ्या. पुष्कळदा आतली नस मेलेली असते आणि पू मुळाशी साचत जातो.