कुकीज पसरतात, फुटतात, मऊ पडतात: नाताळच्या बेकिंगचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की यंदा नाताळला घरी काय भाजणार, रेसिपी पाठवा आणि काही अडत असेल तर तेही विचारा. रेसिपी आल्या, पण अडलेलेच जास्त निघाले 😀 त्यामुळे यावेळचं पान अडलेल्यांसाठी, मधेमधे रेसिपीही आहेतच.

ताई, व्हिडिओ बघून बटर कुकीज केल्या, माप तेच, वेळ तीच, तरी ओव्हनमध्ये सगळ्या पसरल्या आणि ट्रेभर एकच पोळी झाली. चव छान होती पण डब्यात भरून देणार कशा? पुढच्या वेळी मैदा वाढवू का?
वाचक, डोंबिवली

मैदा अजिबात वाढवू नकोस, दगड होतील आणि मग त्याचं वेगळं पत्र येईल. तुझी गडबड बटरमध्ये आहे, आणि खरं सांगू का, या महिन्यात आलेल्या निम्म्या पत्रांचं उत्तर तेच आहे. बाहेरच्या रेसिपीत बटर रूम टेंपरेचरला घ्या असं लिहितात ना, ती रूम त्यांची असते, म्हणजे १८-२० डिग्रीची. आपल्याकडे डिसेंबरात दुपारी डोंबिवलीच्या किचनमध्ये सहज ३० असतं आणि बटर ३२ ते ३५ च्या आसपास वितळतं, म्हणजे तासभर ओट्यावर ठेवलेलं बटर दिसायला घट्ट असलं तरी आतून गेलेलं असतं. साखर आणि बटर आपण फेटतो ते काय नुसतं मिसळायला नाही, साखरेचे दाणे बटरमध्ये हवा धरून ठेवतात आणि बटर गार असेल तरच ती हवा टिकते, नाहीतर तुपकट चिखल होतो आणि गरम ओव्हनमध्ये गेल्या गेल्या वाहायला लागतो.

तर बटर फ्रीजमधून काढ, चौकोनी तुकडे कर, १०-१५ मिनिटं थांब. बोटाने दाबलं की खळगा पडला पाहिजे, पण बोट आत जाता कामा नये आणि वर चकाकी दिसता कामा नये, चकचकीत दिसलं की परत फ्रीजमध्ये. कुकीज थापून झाल्या की ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये. आणि अजून एक, जे कोणी सांगत नाही, दुसरा घाणा पहिल्याच्या गरम ट्रेवर लावायचा नाही, ओव्हनमध्ये जायच्या आधीच बटर सुटतं. ट्रे नळाखाली धरून गार कर, पुस, मग लाव.

हात बसेपर्यंत शॉर्टब्रेड कर, स्कॉटलंडचं आहे, लक्षात ठेवायला सोपं, वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. म्हणजे १०० ग्रॅम दळलेली साखर, २०० बटर, ३०० मैदा, त्यातला ४०-५० ग्रॅम मैदा काढून तांदळाचं पीठ घातलंस तर जास्त खुसखुशीत. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं म्हणून वेगळं मीठही नको. मळायचं नाही, फक्त गोळा होईपर्यंत गोळा करायचं, वळकटी करून फ्रीजमध्ये तासभर, मग सुरीने साधारण सेंटिमीटरभर जाड चकत्या, १६० ला २० ते २५ मिनिटं. कडा जरा सोनेरी झाल्या की बाहेर. मध्ये बोट लावलं तर मऊ लागेल, लागू दे, ट्रेवर गार होताना त्या कडक होतात. ओव्हनमध्येच कडक होईपर्यंत थांबलीस की संपलं.

बहीण न्यू जर्सीत असते, तिने तिच्याकडच्या कुकी एक्सचेंजच्या रेसिपी पाठवल्या आहेत, सगळ्या कप, स्टिक आणि फॅरनहाइटमध्ये. एकीत क्रीम ऑफ टार्टर आहे ते इथे मिळत नाही.
वाचक, नाशिक

एक स्टिक बटर म्हणजे ११३ ग्रॅम. एक कप मैदा १२० ते १२५ ग्रॅम, एक कप साखर २००. मैद्याचा कप डब्यात खुपसून भरलात तर तो दाबला जाऊन १५० पर्यंत जातो आणि मग कुकीज कोरड्या होतात, म्हणून वजनकाटा घ्या हो, बेकिंगची निम्मी भांडणं त्याने मिटतात. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७५-१८०. तुमच्याकडे पंखावाला कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर अजून १५-२० डिग्री कमी करा, ओटीजी असेल तर दोन्ही रॉड चालू आणि ट्रे मधल्या खणात. तिकडच्या रेसिपीत बटर बहुतेक अनसॉल्टेड धरलेलं असतं, आपलं नेहमीचं घेतलंत तर रेसिपीतलं मीठ गाळा.

क्रीम ऑफ टार्टरवाली ती स्निकरडूडल असणार, दालचिनी-साखरेत घोळवतात ती. एक चमचा क्रीम ऑफ टार्टर आणि अर्धा चमचा सोडा असेल तर दोन्हीच्या ऐवजी दोन चमचे बेकिंग पावडर घाला. तिची ती हलकी आंबट चव जाईल, लिंबाचे चार थेंब घाला, चालतंय.

जिंजरब्रेडसाठी मोलॅसिस लागतं, ऑनलाइन फार महाग आहे, त्याऐवजी मध चालेल का?
वाचक, इचलकरंजी

अहो, इचलकरंजीत बसून मोलॅसिस ऑनलाइन शोधताय? डिसेंबर म्हणजे तुमच्याकडे गुऱ्हाळं धडाक्यात चालू, काकवी आणा! मध चालतो पण नुसता गोड लागतो, काकवीला तो मातकट खमंगपणा आहे. मोलॅसिस तिच्यापेक्षा काळं आणि कडवट असतं, तेव्हा अगदी तसाच रंग येणार नाही, पण मला विचाराल तर काकवीची चव जास्त बरी लागते. शिवाय काकवी किंचित आंबट अंगाची असते, त्यामुळे सोडा तिच्याबरोबर नीट काम करतो.

माप घ्या: ३०० ग्रॅम मैदा, पाऊण चमचा खायचा सोडा, दोन चमचे सुंठ पावडर, एक चमचा दालचिनी, दोन-तीन लवंगा कुटून, जायफळ आवडीने. १०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम बारीक चिरलेला गूळ आणि चार टेबलस्पून काकवी मंद आचेवर फक्त विरघळवा, उकळी नको. हे पूर्ण गार झाल्यावर एक अंडं फेटून घाला, अंडं खात नसाल तर तीन टेबलस्पून दूध. मग कोरडं सगळं. गोळा चिकट वाटेल, घाबरून मैदा ओतू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, आपोआप लाटण्याजोगा होतो. पाच मिलिमीटर जाड लाटा, माणसं कापा, तारे कापा, १८० ला १० ते १२ मिनिटं. लहान आणि मोठे आकार एकाच ट्रेवर ठेवू नका, तारे जळतात आणि माणसं कच्ची राहतात.

सजावटीला अंड्याच्या पांढऱ्याचं आयसिंग करतात पण ते कच्चं असतं, घरात लहान मुलं असतील तर आयसिंग शुगर आणि दूध थेंबथेंब घालून दाटसर करा. कुकी गार झाल्याशिवाय लावायचं नाही.

मी सावंतवाडीची, गोव्यात मैत्रिणीकडे नाताळला बोलिन्हा (रवा-खोबऱ्याच्या कुकीज) खाल्ल्या आणि घरी करून बघितल्या, पण रवा दाताखाली कचकच लागतो. तिची आई म्हणते आमचं माप अंदाजाने.
वाचक, सावंतवाडी

अंदाजाने म्हणणाऱ्या आयांचं माप कधी चुकत नाही, फक्त त्या मधली एक पायरी सांगायची विसरतात. रात्रभर मुरवलंस का? माझी खात्री आहे नाही. रव्याच्या लाडवाला पाकात मुरायला वेळ देतो तसंच हे, रवा पाक आणि खोबऱ्याचा ओलावा ओढून फुगला पाहिजे, तो ओव्हनमधल्या २० मिनिटांत फुगत नाही.

पाव किलो बारीक रवा, पाव किलो साखर, साधारण १२५ ते १५० ग्रॅम ओलं खोबरं, दोन अंड्यांचा बलक, ५०-६० ग्रॅम बटर, वेलची, चिमूट मीठ. खोबरं मिक्सरमधून थोडं बारीक करून घे, नारळाचा पाठीचा काळा भाग घेऊ नकोस. साखरेत अर्धी वाटी पाणी घालून पाक कर, चिकट झाला की खोबरं घाल, दोन-तीन मिनिटं ढवळ, मग बटर आणि रवा, गोळा कडेने सुटायला लागला की गॅस बंद. आता हे झाकून रात्रभर. सकाळी बलक आणि वेलची घालून हाताने चांगलं मळ आणि तासभर परत ठेव. लिंबाएवढे गोळे, जरासे चपटे, वर काट्याच्या चमच्याने उभ्या-आडव्या रेघा. १८० ला २० ते २५ मिनिटं, रेघांचे उंचवटे तांबूस दिसायला लागले की काढ. बाहेरून कुरकुरीत आणि आत किंचित चिवट, अशी असते ती. बिस्किटासारखी आरपार कडक झाली तर जास्त भाजली गेली समज.

आणि मैत्रिणीकडून ताट आलं असेल ना नाताळचं, बोलिन्हा, नेवऱ्या, दोदोल घातलेलं, तर ते ताट रिकामं परत द्यायचं नाही हे तुला सावंतवाडीत सांगायची गरज नाही.

आमच्याकडे ओव्हन नाही. कढईत होतील का?
वाचक, परभणी

होतात, मिठाचा थर, वर स्टँड, जड झाकण, १५ मिनिटं आधी तापवून मग मंद गॅस. पण खालून रंग येतो आणि वरून पांढरट राहतात, एका वेळी सात-आठच होतात. त्यापेक्षा खालचं पत्र वाचा.

मी वसईची. सगळे केक आणि कुकीजचंच विचारतात, आमच्या कुलकुलांचं कोणी लिहीत नाही म्हणून पाठवतेय. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम रवा, १५० ग्रॅम पिठीसाखर, दोन अंडी, दोन चमचे गरम तूप, मीठ आणि मावेल तेवढं नारळाचं घट्ट दूध. पुरीपेक्षा जरा सैल मळून दोन तास ओल्या फडक्याखाली. मग सगळ्यांनी बसायचं, एकट्याने करायचा पदार्थ नाही हा, बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून पसरायची आणि गुंडाळत आणायची, शिंपल्यासारखी दिसते. मध्यम तेलात तळायची.
वाचक, वसई

घ्या, परभणीकर, ओव्हनच नको. यात मी एवढंच घालते की गुंडाळल्यावर शेवटची कड नीट दाबा नाहीतर तेलात उलगडतात, आणि तेल फार तापलं तर बाहेरून लाल आणि आत कच्चं. नारळाचं दूध सगळं एकदम ओतू नका. अंडं वगळलंत तरी होतात, तूप एक चमचा वाढवा. वसईच्या ताई, मिल्क क्रीम मिठाईची रेसिपी पण पाठवा ना!

जर्मनीत म्युनिकजवळ राहतो, शेजारच्या आजींनी व्हॅनिलेकिपफर्ल (चंद्रकोरीच्या आकाराच्या बदामाच्या कुकीज) शिकवलं, अंडं अजिबात नाही म्हणून माझ्या आईलाही चालतं. २५० ग्रॅम मैदा, २०० बटर, १०० बदामाची पूड, ८० साखर. पण माझ्या हातून प्रत्येक वेळी मोडतात.
वाचक, म्युनिक

कसली छान रेसिपी पाठवलीस, आणि इथेही सहज होण्यासारखी, बदाम सालं काढून पूर्ण वाळवून दळले की झालं, ओले दळलेत तर तेल सुटतं. मोडतात कारण तू गरम असताना उचलतोस. यात धरून ठेवायला अंडं नाही, गरम असताना ती नुसती वाळू असते. १७५ ला १०-१२ मिनिटं, काढल्यावर पाच मिनिटं हात लावायचा नाही, मग ट्रेवरच चाळणीने व्हॅनिलाची पिठीसाखर भुरभुरायची, कोमट असतानाच, गार झाल्यावर साखर चिकटत नाही. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. आणि चंद्रकोर वळताना टोकं फार बारीक काढू नकोस, आधी तीच जळतात आणि तीच मोडतात. तुमच्याकडे नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून हे डबे भरायला लागतात ना, मग तुला सरावाला वेळ आहे.

अंडं चालत नाही, कुठल्याही कुकीत काय घालू?
वाचक, पुणे

वर चार ठिकाणी आलंय 🙂 इतरत्र एका अंड्याला एक टेबलस्पून जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवून. नुसत्या अंड्याच्या पांढऱ्यावर उभ्या असलेल्या कुकीज मात्र सोडून द्या, ओढूनताणून होत नाहीत.

मुलगा बंगळुरूला आहे, त्याला कुरिअरने काय पाठवू? मागच्या वर्षी भुगा पोचला, आणि आमच्या रत्नागिरीत डब्यातल्या कुकीजही चार दिवसांत मऊ पडतात.
वाचक, रत्नागिरी

काकू, शॉर्टब्रेड जाड कापून पाठवा, जिंजरब्रेडची माणसं पाठवा, कुलकुलं तर आपटली तरी काही होत नाही. किपफर्ल नको. बोलिन्हात ओलं खोबरं आहे, पार्सल दोन दिवसांत पोचणार असेल तरच. स्टीलचा किंवा पत्र्याचा डबा घ्या, दोन-दोन कुकीज पाठीला पाठ लावून बटरपेपरमध्ये गुंडाळा, आडव्या रचू नका, उभ्या भरा. डबा हलवून बघा, खुळखुळ आवाज आला तर अजून कागद कोंबा. जिंजरब्रेड वेगळ्या डब्यात, त्याचा ओलावा आणि लवंगेचा वास दोन्ही शॉर्टब्रेडला लागतात.

मऊ पडलेल्या कुकीज टाकू नका, १५० ला पाच मिनिटं ठेवून गार करा, परत कुरकुरीत होतात. आणि डब्यात भरण्याआधी त्या खरंच गार झाल्यात का ते खालून हात लावून बघा, वरून गार लागतात पण बुड कोमट असतं, त्याचीच वाफ डब्यात धरते. पार्सल २० तारखेच्या आत द्या, त्यानंतर कुरिअरच्या ऑफिसात डब्यांचे ढीग असतात आणि आपला नेमका सगळ्यात खाली.