वाचकांचे प्रश्न : लाँगवुडचे वरचे मजले रिकामे का?

प्रश्न : अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात नॅचेझ गावात लाँगवुड नावाचं घर आहे, त्याचे फोटो बघितले. बाहेरून एकदम महाल, वर मोठा घुमट, आणि आत वरच्या मजल्यांवर नुसत्या विटा नि उघडं लाकूड! पैसे संपले होते का? आणि आठ कोनांचं घर का बांधलं?

उत्तर : आधी माणसं गेली हो, पैसे नंतर गेले. मालक हॅलर नट कापसाचे मोठे मळेवाले, त्यांनी फिलाडेल्फियाचे आर्किटेक्ट सॅम्युअल स्लोन यांच्याकडून प्लॅन करून घेतला, १८६० मध्ये काम सुरू झालं, बाहेरचं बांधकाम भराभर उभंही राहिलं, आणि १८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटलं तसे उत्तरेकडचे कारागीर काम टाकून घरी निघून गेले. ठरलेल्या ३२ खोल्यांपैकी तळघरातल्या ९ तेवढ्या पूर्ण झाल्या, त्याही नटच्या गुलामांकडून करून घेतल्या, आणि कुटुंब तिथेच राहायला लागलं. १८६४ मध्ये नट वारले, युद्धात मळ्यांची धूळधाण झालेली, त्यांच्या पत्नी ज्युलिया सरकारकडे भरपाई मागत राहिल्या, पण घर पुरं करण्याइतका पैसा पुन्हा कधी उभा राहिला नाही.

आठ कोनांची तेव्हा तिकडे फॅशनच होती, पण इथे उष्म्याचाही विचार दिसतो. मधोमध खालपासून घुमटापर्यंत मोकळी जागा, भोवती खोल्या, बाहेर व्हरांडे, म्हणजे गरम हवा आपोआप वर चढून घुमटाखालच्या खिडक्यांतून बाहेर. त्याच खिडक्यांचा उजेड आरशांनी खाली पोचवायचा असाही बेत होता.

वर आजही कारागिरांची अवजारं, रंगाचे डबे, सामानाच्या पेट्या आहेत. प्लास्टर नाही, त्यामुळे कुठली तुळई कशावर टेकलीये ते सरळ दिसतं, बांधकाम शिकणाऱ्याने तर हे बघायलाच हवं. आता घर पिलग्रिमेज गार्डन क्लबकडे आहे आणि त्यांनी ते तसंच, अपुऱ्या अवस्थेत जपलंय, मला हे फार योग्य वाटतं.

मात्र एका श्रीमंताचं स्वप्न मोडलं एवढीच ही गोष्ट सांगतात ना, ते मला पटत नाही. नटकडे शेकडो गुलाम होते, कापूस त्यांनी पिकवला, त्यातूनच हा पैसा आला, इथल्या विटाही त्यांनीच पाडल्या. फोटो परत बघाल तेव्हा घुमटाआधी त्या उघड्या विटांच्या भिंती नीट बघा.