वाचक विचारतात : स्वतःची गोष्ट सांगताना

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाचे माझे उपचार दोन वर्षांपूर्वी संपले. रुग्णांच्या आधारगटाने अनुभव सांगायला बोलावलं आहे. दहा मिनिटं मिळतील. पण माझ्यासारखं कितीतरी जणींचं झालंय. माझ्याकडे वेगळं असं काय आहे?

वेगळं काही असायची गरजच नाही. समोर बसलेल्या बाईला नुकतंच निदान कळलेलं असतं. केमोथेरपीत केस गळू शकतात, हे तिने माहितीपत्रकात वाचलेलं असतं. तुम्ही रोज सकाळी उशीचा अभ्रा झटकत राहिलात की आधीच जाऊन केस बारीक कापून आलात, हे मात्र तिला कुठे वाचायला मिळत नाही. तिला तेच ऐकायचं असतं.

अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात १९३५ मध्ये सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ याच पायावर उभी आहे. दारू सोडलेला माणूस सोडू पाहणाऱ्याला स्वतःचं सांगतो: आधी कसा होतो, काय घडलं, आता कसा आहे. तुम्हीही हाच क्रम धरा. ‘तुम्ही असं करा’ म्हणायला लागलात की ऐकणारी मनातल्या मनात स्वतःची तुमच्याशी तुलना करू लागते आणि तिचं ऐकणं तिथेच थांबतं.

दहा मिनिटांत सगळं आजारपण मावत नाही, म्हणून एकच प्रसंग निवडा आणि थेट त्यातून सुरुवात करा. बहुतेकांची पहिली चार मिनिटं तारखा आणि तपासण्यांची नावं सांगण्यातच जातात. ‘मला धक्का बसला’ हे वाक्य कुणाच्याही तोंडी चालेल. ‘डॉक्टर बोलत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरात लेकीच्या परीक्षेची तारीख शोधत होते’ हे फक्त जिच्यावर गुजरलं तीच सांगू शकते. पण ते खरोखर घडलेलं असायला हवं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, वाक्य जमावं म्हणून तपशील जोडू नका. एक जोडलेला तपशील उघडा पडला तर बाकीच्या खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

घड्याळ लावून मोठ्याने तीनदा सांगून बघा. आठ मिनिटांत संपवा, दोन मिनिटं प्रश्नांसाठी राहू द्या. औषधांची नावं आणि डोस टाळा, कारण समोरचीच्या कर्करोगाचा प्रकार वेगळा असू शकतो.

प्रश्न : घटस्फोटातून सावरण्याबद्दल एका सभेत बोलायचं आहे. त्यात पंधरा वर्षांच्या मुलाचा उल्लेख येतो. नाव बदललं की पुरे ना?

पुरे नाही. तुम्हाला ओळखणारे त्यालाही ओळखतात. त्याच्याबद्दलची नेमकी वाक्यं त्याला वाचून दाखवा. ‘तुझ्याबद्दल थोडं बोलेन’ एवढं सांगून घेतलेली परवानगी खरी नव्हे. तो नको म्हणाला तर तो भाग काढा आणि त्याला कारण विचारू नका. बोलण्याचं रेकॉर्डिंग होणार असेल तर त्यासाठी वेगळं विचारा. चाळीस माणसांसमोर चालेल ते उद्या वर्गमित्राच्या फोनवर चालेलच असं नाही.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी वडील अपघातात गेले. बोलायला लागले की गळा दाटतो. घरचे म्हणतात, ‘बोलून मोकळी हो.’

त्यांच्या म्हणण्यामागे माया आहे, तरी घाई करू नका. आघातानंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलून घेण्याची पद्धत अभ्यासांत उपयोगी ठरलेली नाही. ऐकणारा आणि वेळ तुम्ही निवडायचा.

तोवर लिहून पाहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहिलं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना जास्तच उदास वाटलं, पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत असा फायदा दिसला तो बेताचाच, आणि सगळ्यांना नाही. म्हणून झोपण्याआधी लिहू नका, शुद्धलेखन बघू नका, आणि लिहिणं सोसेनासं झालं तर त्या दिवशी तिथेच थांबा. अपघाताची दृश्यं अजून डोळ्यांसमोर येत असतील किंवा झोप उडाली असेल, तर लिहिण्यावर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

लिहिलेलं कुणाला दाखवायलाच हवं असं नाही. दाखवावंसं वाटलं तर आधी एकालाच दाखवा आणि त्या माणसाला बजावून ठेवा : सल्ला नको, फक्त वाच आणि जवळ बस.