रात्री सीरिज बघूनही ताण जात नाही, सकाळी डोकं जड होतं. बघणं सोडून द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरात विजयनगरच्या ऑफिसातून साडेसातला रामबागेत घरी पोचता, जेवणखाण आटोपून साडेदहाला सीरिज लावता आणि झोपायला दीड वाजतो. सोडून अजिबात देऊ नका. दिवसभर आकड्यांत अडकलेल्या डोक्याला थोडा वेळ दुसरीकडे जाऊ देणं ही चैन नाही, गरज आहे. फक्त ते कधी सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं, हे बदला.

सीरिज रात्री साडेदहाऐवजी संध्याकाळी आठला, जेवणाच्या आधी लावा. झोपायच्या वेळी मन इतकं दमलेलं असतं की ‘आता पुरे’ म्हणायची ताकदच उरत नाही. आठला बसलात तर पावणेनऊला ‘पानं घेतली’ अशी हाक येते आणि उठावंच लागतं.

बसण्याआधी पाच मिनिटं कागद-पेन घ्या. उद्याची राहिलेली तीन-चार कामं लिहा आणि प्रत्येकापुढे पहिली कृती लिहा: ‘अमक्याला फोन’, ‘तमकी फाइल उघडणे’. नुसतं ‘रिपोर्ट’ लिहून भागत नाही, कारण त्याचं काय करायचं हा घोळ डोक्यात चालूच राहतो. दोन भाग बघूनही काहीच आठवत नाही, ते बहुतेक वेळा यामुळे किंवा हातातल्या मोबाइलमुळे. बघताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्यावर ४५ मिनिटांचा गजर लावा. तो बंद करायला उठावं लागेल, तेच हवंय.

आता थांबायचं कुठे? भाग संपताना थांबणं सगळ्यात अवघड, कारण भाग मुद्दाम तिथेच तोडलेला असतो. दार उघडतं, कुणीतरी दचकून बघतं आणि नावं सुरू होतात. ही उत्कंठा बहुतेक वेळा पुढच्या भागाच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत शमते. म्हणून भागाच्या मध्यावर थांबायची सवय लावा: आज पुढच्या भागाची दहा मिनिटं बघून बंद, उद्या तिथूनच सुरू. दोन दिवस विचित्र वाटेल, मग अंगवळणी पडेल. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोयही बंद करा. नेटफ्लिक्सवर ती प्रत्येक प्रोफाइलला वेगळी असते, तेव्हा स्वतःच्याच प्रोफाइलमध्ये बंद केलीय ना, हे बघा.

जेवणानंतर काहीतरी हवंच असेल तर पडदा नको, कान वापरा. इंदूरात राहून इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँ ऐकायचे नाहीत, हे मला पटत नाही. त्यांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल बहुधा झुमरा तालात असतो. चौदा मात्रांचं आवर्तन इतकं संथ चालतं की समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, वाट बघता बघता श्वासही आपोआप लांबतो. जुन्या एलपी रेकॉर्डची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची, म्हणजे शेवट आधीच ठरलेला. रागही विचार करून निवडा. मारवा रागात पंचम (प) नाही आणि षड्जही (सा) टाळत टाळत येतो, त्यामुळे आधीच जीव कासावीस असेल तर तो आणखी अस्वस्थ करतो. तो संध्याकाळी ऐका. रात्री दरबारी लावा: खालचे स्वर, हळूहळू झुलणारा कोमल गंधार (ग), कुठेच घाई नाही. इअरफोनपेक्षा स्पीकरवर, शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात. शास्त्रीय आवडत नसेल तर दहादा बघितलेल्या विनोदी नाटकाचं रेकॉर्डिंगही चालेल, पुढे काय होणार हे माहीत असल्याने मन ताठरत नाही. रंगतदार मॅच आणि टीव्हीवरच्या चर्चा मात्र झोपण्याआधी नकोतच.

सराफ्याचं, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजाराचंही तेच: वेळ बदला. ताण आला म्हणून रात्री अकराला गराडू (तळलेला कंद) आणि जिलबी खाऊन लगेच आडवं झालं तर छातीत जळजळणारच, आणि झोप पुन्हा मोडते. शनिवारी जा, दोन जणांत एक प्लेट घ्या, राजवाड्याला चक्कर मारून परत या.

हे सगळं दोन आठवडे करून बघा. नुसता थकवा असेल तर एवढ्यात झोप सुधारायला लागते. पण आवडती मालिकाही नकोशी झाली, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागेना, किंवा ठरावीक कामाचा विचार टाळण्यासाठीच पडदा लावावा लागतोय असं दिसलं, तर मनोरंजनाने ते भागणार नाही. सरळ डॉक्टरांना भेटा. ‘टेलीमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत. फोन केल्यावर ‘झोप किती वाजता, जाग किती वाजता’ हे विचारलं जाण्याची शक्यता आहे, तेव्हा आठवडाभराच्या वेळा त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.