शेगड्या चारच आहेत!

सहामाहीचे पेपर हातात पडले की पालकांची एक तक्रार हमखास येते. "मॅडम, पाढे तोंडपाठ आहेत, पण शाब्दिक उदाहरण आलं की समचलन की व्यस्तचलन हेच ओळखता येत नाही. गणित याच्या डोक्यातच शिरत नाही का?"

शिरतं. समचलन म्हणजे एक गोष्ट दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट होणं, व्यस्तचलन म्हणजे एक दुप्पट झाली की दुसरी निम्मी होणं. हे ओळखताना आडवं येतं ते आपणच शिकवलेलं एक सोपं वाक्य.

आठवीतला एक मुलगा आईबरोबर आला होता. आईचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहिल्या दोन भेटींत "माहीत नाही" यापलीकडे तो बोलला नाही. तिसऱ्या भेटीत ते वाक्य बाहेर आलं, "दोन्ही वाढलं की सम. एक वाढून दुसरं कमी झालं की व्यस्त."

"तू १० वर्षांचा होतास तेव्हा आई ३५ ची. तू २० चा झालास की?"

"४५."

"दोघांची वयं वाढली ना? मग ७० का नाही?"

तो हसला आणि एकदम थांबला.

मी आईकडे वळले. "ताई, ४८० पोळ्यांना किती वेळ लागतो?"

"चौघी असल्या तर तीन तास."

"दोघीच आल्या तर?" उत्तर मुलानेच दिलं, "सहा तास. तिघी आल्या तर चार." मी कागद पुढे सरकवला. त्याने ४×३, २×६, ३×४ एकाखाली एक लिहिलं.

"सगळीकडे १२ येतात. हे १२ काय आहेत रे?"

बराच वेळ गेला. मी मध्ये बोलले नाही. "एकटीच आली तर लागणारे तास!"

"मग बारा जणी आल्या तर?"

"एक तास... नाही मॅडम, शेगड्या चारच आहेत!"

सूत्र मी सांगितलंच नव्हतं. तरी ते कुठे चालतं आणि कुठे नाही, हे त्याने स्वतः पकडलं होतं. पुस्तकात त्या १२ ला चलनाचा स्थिरांक म्हणतात. माझ्या मते धडा तिथूनच सुरू व्हायला हवा: काय बदलतंय हे नंतर, काय बदलत नाही ते आधी.

पालकांनी "वाढतं की कमी होतं?" हा प्रश्न सोडून द्यावा. "हे दुप्पट केलं तर त्याचं काय होईल?" असं विचारावं. दुप्पट झालं तर सम, निम्मं झालं तर व्यस्त, आणि दोन्ही नसेल तर दोन्ही नाही. मग पडताळा घ्यावा. वह्यांची किंमत भागिले वह्यांची संख्या नेहमी तेवढीच येते, बायका गुणिले तास नेहमी तेवढेच. चुकलं तर ओरडू नका, "कसं काढलंस?" एवढंच विचारा. मुलांच्या बुद्धिचाचण्या घेताना मानसशास्त्रज्ञ पियाजे यांना बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांत जास्त रस वाटला होता. माझीही सगळी भिस्त त्यावरच आहे.

पुढच्या भेटीला तो स्वतःचं उदाहरण घेऊनच आला. "मॅडम, भाजी दुप्पट केली की कांदा दुप्पट लागतो. पण शिजायला दुप्पट वेळ लागत नाही. हे कशातच बसत नाही ना?"